बन्सीभाऊंचा हरवलेला वाय

१

बन्सी गव्हाणे यांना झुपकेदार मिशी आहे, तीन नातवंडं आहेत, आणि कन्नडच्या स्टँडवर त्यांच्या जीपचा नंबर लागला की बाकीचे ड्रायव्हर गुमान बाजूला होतात. अशा माणसाच्या गालातून काढलेला तुकडा बाईचा आहे, असं एका यंत्रानं सांगितलं.

ही बातमी घेऊन डॉ. शंतनू सेलूकर आमच्या समर्थनगरच्या घरी आला तेव्हा मी शेंगा सोलत बसलो होतो. शंतनू माझ्या बायकोचा जुना विद्यार्थी. अनसूयेनं डेंटल कॉलेजात तोंडाच्या रोगांचं निदान शिकवण्यात उभा जन्म घातला. आता निवृत्त आहे, पण विद्यार्थी कुठं अडले की अजून येतात. मी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालो. माझ्याकडं कुणी येत नाही.

"मॅडम, तीन आठवड्यांपूर्वी माझ्या लॅबला एकाच सकाळी दोन बाटल्या आल्या," शंतनू सांगू लागला. "एकीत बन्सी गव्हाणेंच्या उजव्या गालातल्या फोडाचा तुकडा. दुसरीत बिडकीनच्या मनकर्णाबाईंच्या खालच्या हिरडीवरच्या पांढऱ्या चट्ट्याचा. बन्सीभाऊंच्या तुकड्यात कॅन्सर निघाला. बाईंच्यात नुसता चट्टा. तसे रिपोर्ट दिले."

"मग?"

"आम्ही कॅन्सरचे तुकडे जनुकांच्या अभ्यासासाठी सिडकोतल्या एका प्रयोगशाळेत पाठवतो. तिथून काल निरोप आला. या तुकड्यात वाय नाही."

अनसूयेनं माझ्याकडं बघून खुलासा केला. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय अशी गुणसूत्रं असतात, बाईच्या पेशीत दोन्ही एक्स. तेवढं मला शाळेतलं आठवत होतं, पण बायकोला मध्येच थांबवण्याची आमच्याकडं पद्धत नाही.

"म्हणजे बाटल्या बदलल्या," मी म्हणालो. "कॅन्सर त्या बाईचा."

"तसंच दिसतंय, काका. बन्सीभाऊंचं ऑपरेशन रद्द केलं. मनकर्णाबाईंना सोमवारी बोलावलंय. परत तुकडा घेणार, पण जबड्याचा भाग काढावा लागेल, मनाची तयारी ठेवा, असं सर्जननं सांगून टाकलंय." शंतनूनं कपाळ चोळलं. "बाटल्या हाताळल्या त्या सत्यमनं. माझा टेक्निशियन. तो पण बिडकीनचा. त्या बाईंना मावशी म्हणतो. आणि बाईंच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे."

मी शेंगांची परात बाजूला सारली. कोर्टात उभं आयुष्य गेलं की माणसाला हेतूचा वास लांबूनच येतो. लग्नघरात कॅन्सरचं नाव निघू नये म्हणून पोरानं मावशीचं दुखणं परक्याच्या नावावर चढवलं.

अनसूया मात्र भलतंच विचारत होती. "बाईंच्या बाटलीतला तुकडा तपास. त्यात वाय निघाला तर बदललं म्हणायचं."

"तो एवढासा होता. काप घेता घेता संपला. दोघांच्या काचपट्ट्या तेवढ्या आहेत."

"यंत्राचा निरोप आल्यावर त्या परत बघितल्यास?"

शंतनू शेंगांची टरफलं गोळा करायला लागला. अनसूयेनं चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "अहो, स्कूटर काढा. आधी माणसं बघू, मग काचा."

२

बिडकीनला पोचलो तेव्हा सत्यम घराच्या ओट्यावर बसला होता. तिशीच्या आतला, सडपातळ पोरगा. शंतनूनं कालपासून घरी बसवल्यानं तोंड उतरलेलं.

"मॅडम, मी एका टायमाला एकच बाटली उघडतो. एकीचं काम पुरं झाल्याबिगर दुसरीला हात लावत नाय," तो म्हणाला. "मावशीसाठी मी असलं करीन का? ज्याच्या नावावर घातलं त्याचा फुकट गाल कापला असता."

वाक्य चांगलं होतं. पण कोर्टात मी यापेक्षा चांगली वाक्यं ऐकली आहेत, आणि ती बोलणारे नंतर आत गेलेले आहेत. तसं मी अनसूयेच्या कानात सांगितलंही. ती म्हणाली, "तुम्ही जरा सावलीत थांबा."

मनकर्णाबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून. अंगणात गव्हाचं वाळवण, आत लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे. मुलगी श्रेया पाणी देऊन आईला खेटून बसली, ती शेवटपर्यंत हलली नाही.

अनसूयेनं बॅटरी लावून बाईंचं तोंड बघितलं. हातात मोजा घालून हिरडीवर बोट फिरवलं. खालच्या दातांपुढं, बरोबर जिथं मिसरीचं बोट फिरतं तिथं, पांढरा चट्टा होता.

"किती वर्षं लावता?"

"लगीन झाल्यापून. सासूनंच लावली सवय. मिसरी लावल्याबिगर सकाळ व्हत नाय बघा." मग त्यांनी साड्यांच्या गठ्ठ्यांकडं बघितलं. "ताई, जबडा काढला तर लेकीच्या लग्नात तोंड कसं दाखवू? डाक्टर म्हनला, तुझा नाय, त्या कन्नडच्या बाप्याचा हाय. मी देवाला नारळ फोडला. आता म्हनतो, त्याचा नाय, तुझा हाय. मंग त्यानं बी नारळ फोडला आसंल की. माझं सुटलं म्हंजी त्याला धरलं, त्याचं सुटलं म्हंजी मला. ह्यो कसला न्याय?"

अनसूयेनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सोमवारच्या आत मी सांगते. तोवर मिसरी बंद."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "चट्टा कसा वाटला?"

"मऊ आहे," ती म्हणाली. "कॅन्सर असता तर बोटाला टणक लागला असता. कन्नडला जाऊ उद्या."

३

कन्नडच्या स्टँडवर बन्सीभाऊ पेढे वाटत होते. आम्हालाही दिले. शुक्रवारचा दिवस, आठवडी बाजार नव्हता, त्यामुळं जीप निवांत सावलीत उभी होती.

"काय सांगू मॅडम, तीन हप्ते मी घरात मेल्यावानी पडून व्हतो. गाडीला हात लावला नाय. आन परवा डाक्टरचा फोन आला, भाऊ तुमचा नाय तो आजार. लई मोठं वझं उतरलं बघा!"

त्यांचा उजवा गाल फुगलेला होता. मला वाटलं पेढा असेल. अनसूयेला तसं वाटलं नाही.

"तंबाखू पुन्हा कधी सुरू केलीत?"

बन्सीभाऊ ओशाळले. "परवाच. फोन आल्यावर. तीन हप्ते कडक बंद व्हती, मॅडम, आईच्यान. पन आता काय भ्यायाचं?"

"आणि उजव्याच गालात?"

"मंग? ड्रायव्हरची शीट उजवीकडं. उजव्या खिडकीतनं थुकावं लागतं. डावीकडं धरली तर बाजूच्या पाशिंजरच्या अंगावर जाईल की!" ते मोकळं हसले. स्टँडवरचे दोघंचौघंही हसले.

अनसूयेनं त्यांना चूळ भरायला लावली आणि गाल बघितला. फोड मुळात वाटाण्याएवढा, तुकडा घेताना सगळाच निघून गेलेला. जखम छान भरली होती. नुसता वण.

"बन्सीभाऊ, एक तुकडा परत देता का?"

"आता कशाला? माझा नाय म्हनलंय ना यंत्रानं? यंत्र खोटं बोलतं व्हय?" त्यांनी हात जोडले. "पुन्हा नका कापू, मॅडम. आता सुखानं जगू द्या."

परतीच्या एसटीत अनसूया खिडकीबाहेर बघत होती. मीही मनात हिशेब जुळवला होता आणि तो तिला ऐकवलाही. मऊ चट्टा, भरलेली जखम, यावरून काही ठरत नाही, यंत्र सांगतंय ते पुराव्यानिशी आहे, सत्यमच गुन्हेगार. ती ऐकून घेत होती. ऐकून घेणं आणि पटणं यातला फरक मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलेला आहे.

"तुमच्या नक्कल विभागात कधी पान गाळलं जायचं का हो?" ती मध्येच म्हणाली.

"जायचं की. एका कारकुनानं एकदा निकालाचं एक पान सोडून नक्कल केली. पुढं मूळ प्रत बासनात गेली आणि त्या नकलेवरून नकला निघत राहिल्या. सगळ्यांत ते पान नाही. वकील ओरडायला लागला, हा आमच्या खटल्याचा कागदच नाही, दुसऱ्या कुणाचा चिकटवलाय."

"मग कसं ठरवलं?"

"बाकीची पानं वाचली. पक्षकार तेच, वहिवाट तीच, विहीर तीच. एक पान नाही म्हणून कागद परका होत नाही."

अनसूया माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी बघत होतो.

"घरी नको," ती म्हणाली. "शंतनूच्या लॅबवर चला."

४

शंतनूनं दोन्ही काचपट्ट्या काढून ठेवल्या होत्या. अनसूया सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मग उठून मला म्हणाली, "बघा. ही बन्सीभाऊंच्या नावाची."

मला जांभळ्या-गुलाबी रंगाचा गोंधळ दिसला. तसं मी कबूल केलं.

"वरचा गडद भाग कॅन्सरचा. तो राहू द्या. खाली कोपऱ्यात बघा. गोल गोल दाण्यांचे झुबके दिसतात?"

दिसत होते. द्राक्षाचे घड टांगावेत तसे.

"लाळेच्या ग्रंथी," ती म्हणाली. "गालाच्या अस्तराखाली असतात. हिरडीत नसतात. हिरडी थेट हाडाला चिकटलेली, तिथं यांना जागाच नाही. आता ही मनकर्णाबाईंची बघा. दाणे आहेत?"

नव्हते. एकही नव्हता.

शंतनू खुर्चीत बसला. "मी बघितलंच नाही," तो हळूच म्हणाला. "यंत्राचा निरोप आला आणि मला वाटलं, आता बघायचं काय?"

"तुकडा गालाचा आहे," अनसूया म्हणाली. "त्या दिवशी गाल एकाच माणसाचा कापला होता. बन्सीभाऊंचा."

सत्यम सुटला. हेतूचा वास घेणारं माझं नाक खोटं पडलं, याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढा वेळ नव्हता. कारण त्या मिशीवाल्या माणसाच्याच गालातला हा तुकडा असेल, तर एक प्रश्न उभाच राहत होता आणि तो मीच विचारला.

"मग वाय चोरला कुणी?"

५

सिडकोतल्या प्रयोगशाळेची प्रमुख डॉ. मृण्मयी पाटोदेकर पस्तिशीची, नीटनेटकी, आणि त्या दिवशी दुखावलेली.

"मॅडम, यंत्र तीनदा चालवलं. वाय नाहीच. माझ्या हातून चूक झालेली नाही."

"तशी शंकाही नाही मला," अनसूया शांतपणे म्हणाली. "उलट तू फारच चांगलं काम केलंस, असा माझा संशय आहे. तुकड्यातून नमुना कसा काढतेस, सांगशील?"

मृण्मयी खुलली. "बरेच जण अख्खा काप खरवडतात. त्यात कॅन्सरबरोबर चांगल्या पेशीही येतात आणि निकाल गढूळ होतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली फक्त कॅन्सरचा भाग उचलते. माझ्या नमुन्यात चांगली पेशी औषधालाही सापडायची नाही."

"आणि त्यात अजून काय बिघडलेलं सापडलं?"

"पी-त्रेपन्न नावाचं जनुक मोडलेलं. नवव्या गुणसूत्राचा तुकडा गायब. बऱ्याच ठिकाणी पडझड आहे."

अनसूयेनं मान हलवली. "ठीक. आता एकदा उलटं काम कर. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवलाय त्यातूनच काप घे, पण कॅन्सर सोडून दे. खालचा कोपरा घे, लाळेच्या ग्रंथींचा. तो आणि वरचा कॅन्सरचा, दोन्ही शेजारी शेजारी तपास."

मृण्मयीच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि तिनं स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली.

"रविवारी सकाळी सांगते," ती म्हणाली.

मला कुणी काही सांगितलं नाही. रिक्षात मी दोनदा विचारलं. अनसूया म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलंत एसटीत." आता या बाईपुढं काय बोलावं!

६

रविवारी सकाळी आमच्या बैठकीत सगळे जमले. शंतनू, मृण्मयी, अंग चोरून बसलेला सत्यम, आणि बिडकीनहून श्रेयाला घेऊन आलेल्या मनकर्णाबाई. बन्सीभाऊंना फोन केला होता, पण सवारी आहे म्हणून ते आले नाहीत. मी पोहे केले. ते काम माझ्याकडं असतं.

"सांग," अनसूया मृण्मयीला म्हणाली.

"तुकडा एकच," मृण्मयी म्हणाली. "कोपऱ्यातल्या चांगल्या पेशींत वाय आहे, स्वच्छ. वरच्या कॅन्सरच्या पेशींत नाही. बाकी सगळ्या खुणा दोन्हीकडं एकाच माणसाच्या."

"म्हणजे तुकडा पुरुषाचा?" सत्यमनं विचारलं.

"पुरुषाचा, आणि बन्सीभाऊंचा. बाटल्या बदलल्या नाहीत. तू चोख काम केलंस." अनसूयेनं शंतनूकडं बघितलं. शंतनू उठला, सत्यमच्या खांद्यावर हात ठेवून "माफ कर" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

"पन ताई, मंग ते गेलं कुठं, काय त्ये?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

अनसूया त्यांच्याकडंच वळून बोलली. शंतनूला समजावण्यापेक्षा त्यांना समजावणं तिला महत्त्वाचं वाटत असावं.

"आपल्या अंगातली पेशी एकीच्या दोन होते, तेव्हा स्वतःच्या सगळ्या कागदांची नक्कल करते. यांच्या कोर्टात करायचे तशी. तंबाखू, मिसरी, गुटखा एकाच जागी वर्षानुवर्षं राहिला, की त्या जागेवरच्या नकला बिघडायला लागतात. आधी, कुठं थांबायचं ते सांगणारं पान जातं. मग पेशी वाढत सुटते, तोंडात पांढरा चट्टा दिसतो. तिथंही एक रखवालदार असतो, चुकलेली नक्कल पकडून फाडून टाकणारा. ते पी-त्रेपन्न. तोही एक दिवस मोडतो. मग विचारणारं कुणी उरत नाही, पानंच्या पानं गळत जातात. उतारवयाच्या पुरुषांत अशा गळतीत कधीकधी वायसुद्धा जातो. बन्सीभाऊंचा तसाच गेला. चोर बाहेरून आलाच नाही. त्या कॅन्सरच्या पेशींनीच तो टाकून दिला."

"आणि मी नेमक्या त्याच पेशी निवडून घेतल्या," मृण्मयी म्हणाली. "थोडी हयगय केली असती, चार चांगल्या पेशी आल्या असत्या, तर वाय दिसला असता."

"आणि मी काच बघितली असती तर एवढं झालंच नसतं," शंतनू म्हणाला.

श्रेया आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. मनकर्णाबाई मात्र पदर तोंडाला लावून बसून होत्या.

"ताई, माझ्यात किती पानं गेली?"

"तुमचा तुकडा संपला, त्यामुळं पानं मोजता येत नाहीत. पण काचेवर दिसतंय, नकला बिघडायला सुरुवात झालीये. रखवालदार अजून जागा असावा. मिसरी सोडलीत आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवलंत तर बहुतेक तिथंच थांबेल. जबड्याला कुणी हात लावणार नाही."

"सोडली," बाई म्हणाल्या. "त्याच दिशी डबी श्रेयाच्या हातात दिली." मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या बाप्याला कोन सांगनार?"

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. प्रत्येक जण अनसूयेकडं बघत होता. ज्या माणसानं स्टँडभर पेढे वाटले, त्याला जाऊन ते पेढे परत मागायचे होते.

७

सत्यम म्हणाला, मी येतो. शंतनूच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो.

कन्नडच्या स्टँडवर बन्सीभाऊ जीप पुसत होते. आम्हाला उतरताना बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. शंतनूला बघितलं आणि त्यांना कळलंच असावं, कारण ते उजव्या गालातली तंबाखू चघळायचे थांबले.

शंतनूनं काहीही न लपवता सांगितलं. चूक माझी, या सत्यमवर उगाच आळ घेतला, तुम्हाला फोन मी केला, आजार तुमचाच आहे. तुकडा घेतला त्याच्या खाली मूळ उरलेलं आहे. मंगळवारी ऑपरेशन करू.

बन्सीभाऊ अनसूयेकडं वळले. "म्हंजी माझाच हाय?"

"तुमचाच आहे, भाऊ," ती म्हणाली. "पण लहान आहे. लवकर सापडलाय. आत्ता काढला तर तुम्ही ही जीप अजून पुष्कळ वर्षं चालवाल. उशीर केलात तर नाही."

"वखत किती हाय?"

"आज आहे."

त्यांनी फडकं उचलून जीपच्या बोनेटवर एकदा फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस आपल्यावर भडकेल, आणि भडकला तर त्यात गैर काही नव्हतं.

पण ते सत्यमकडं बघून म्हणाले, "तुझ्यावर आळ आला व्हता म्हनत्यात. माझ्यापायी."

"तसं काय नाय, काका."

"गाडी येती का चालवाया?"

सत्यमनं मान हलवली. बन्सीभाऊंनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. बाजूला उभे असलेले ड्रायव्हर बघतच राहिले. ती किल्ली दुसऱ्याच्या हातात गेलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"आजच घेऊन चला मला. मंगळवारपर्यंत हितं ऱ्हायलो तर मन फिरंल माझं."

ते सवयीनं उजव्या दाराकडं गेले. दार उघडलं, वाकून तोंडातली तंबाखू थुंकली, बाटलीतल्या पाण्यानं दोनदा चूळ भरली. मग दार लावून जीपला वळसा घातला आणि डावीकडं, बाजूच्या पाशिंजरच्या जागेवर चढून बसले.

"हितनं मला थुकाया येत नाय," खिडकीची काच वर करत ते म्हणाले. "आता हीच माझी शीट."